नायिका व्हायची घाई नक्की कोणाला आहे?

प्रिय मावशी,

मी १७ वर्षांची आहे, ठाण्यात पाचपाखाडीला राहते, बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून शास्त्रीय शिकतेय, पण लोक ओळखतात ते माझ्या पॉप गाण्यांमुळे. आत्तापर्यंत चार गाणी आली, त्यातलं एक इतकं चाललं की गणपती-नवरात्रात शोच्या तारखा पुरेनात. आता एका निर्मात्यानं रोजच्या मालिकेत मुख्य भूमिका देऊ केली आहे. सेट घोडबंदर रोडलाच. महिन्याला पंचवीस दिवस शूटिंग, दोन वर्षांचा करार, आणि त्या काळात चॅनेलच्या परवानगीशिवाय स्टेज शो करायचे नाहीत. गुरुजी म्हणतात, गळ्याची वाट लागेल. आई म्हणते, आधी बारावी. बाबा म्हणतात, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जायचं नसतं. (बाबांनी गेल्या वर्षी नोकरी सोडली, आता माझं सगळं काम तेच बघतात.) मला मँडी मूर खूप आवडते. तीही पंधराव्या वर्षी पॉप सिंगर होती, मग सिनेमात गेली, टीव्हीवर तर केवढी मोठी झाली. मग मी का नाही? महिनाअखेरीला उत्तर द्यायचं आहे.

– गोंधळलेली गायिका, ठाणे

*

गोंधळलेल्या गायिके,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. ही मालिका घेऊ नकोस. अभिनय करायचा असेल तर जरूर कर, बारावीचा शेवटचा पेपर झाला की लगेच सुरू कर, पण हे काम नको. मी बरीच वर्षं मालिकांचे संवाद लिहिले, त्यावर माझं घर चाललं. मालिकांना नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

मँडी मूरचं नाव तूच काढलंस, तर तिथूनच सुरुवात करू. गायली, सिनेमात गेली, टीव्हीवर मोठी झाली, अशी तिची गोष्ट तू एका दमात सांगून टाकलीस. मधली वर्षं गाळलीस. १९९९ मध्ये तिचं ‘कँडी’ आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, हे खरं. पण तेव्हा अमेरिकेत ब्रिटनी स्पीअर्स, क्रिस्टिना अ‍ॅग्विलेरा, जेसिका सिम्पसन अशा कोवळ्या गायिकांची लाटच आली होती, आणि मँडी त्यांच्यात सगळ्यांत धाकटी. त्यांच्यातली पुढे मोठी नटी कोण होणार असं कोणी विचारलं असतं, तर तिचं नाव फारसं कोणाच्या तोंडी आलं नसतं. पडद्यावर लोकांनी तिला पाहिलं ते २००१ च्या ‘द प्रिन्सेस डायरीज’मध्ये. कोणत्या भूमिकेत? शाळेत नायिकेची टर उडवणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी एक मुलगी. छोटंसं काम. सिनेमा चालो न चालो, त्याचा भार तिच्या खांद्यावर नव्हता.

पुढच्याच वर्षी ‘अ वॉक टू रिमेंबर’मध्ये ती नायिका झाली खरी, पण गाण्यांच्या व्हिडिओतली सोनेरी केसांची मँडी त्यात शोधूनही सापडत नाही. केस तपकिरी करून घेतलेले, साधे कपडे, छोट्या गावातल्या पाद्र्याची मुलगी. २००४ मध्ये ‘सेव्ह्ड!’ आला. त्यात तर धर्माच्या नावाखाली इतरांच्या मागे लागणारी, दोन थोबाडीत द्याव्यात अशी मुलगी तिनं रंगवली. गोड, निरागस म्हणून जिची गाणी खपली, तिनं तीन-चार वर्षांत दोनदा लोकांना राग येईल अशा भूमिका केल्या. मला तिचा हाच निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. पॉप गाणाऱ्या मुलीला सगळ्यांचं लाडकं असण्याची सवय लागते, आणि नटीला ती सवय परवडत नाही.

त्यानंतर २०१० मध्ये ‘टँगल्ड’मधल्या रपुंझेलचा आवाज. तिथं गळा आणि अभिनय दोन्ही एकदम कामी आले. आणि तुला जी टीव्हीवरची मँडी आवडते ती ‘धिस इज अस’मधली, म्हणजे २०१६ ची. ‘कँडी’नंतर सतरा वर्षांनी! त्याआधी तिनं केलेले काही मालिकांचे पायलट, म्हणजे नमुन्याचे पहिले भाग, पुढे सरकलेच नव्हते.

आता एक आकडा नीट बघ. ‘धिस इज अस’ २०२२ पर्यंत चालली आणि तिचे एकूण भाग झाले १०६. एका हंगामात साधारण अठरा. तुला आलेली मालिका आठवड्याचे सहा दिवस दिसणार. १०६ वा भाग तू चार महिन्यांत ओलांडशील. जे काम मँडीनं सहा वर्षांत, मध्ये श्वास घेत, लिहिलेलं आधी वाचून, एकाच बाईचं तरुणपण आणि म्हातारपण आलटूनपालटून रंगवत केलं, तेवढे भाग तू दिवाळीला सुरुवात केलीस तर होळीपर्यंत उरकलेले असतील. दोन्हीला टीव्ही म्हणतात, यापलीकडे त्यांत फारसं साम्य नाही. म्हणून तिच्याकडे बोट दाखवून ‘मग मी का नाही’ हे मला पटत नाही. तिच्यासारखं करायचं तर आधी नायिकेची टर उडवणारी मुलगी कर की!

अजून एक. तिचा २००९ मध्ये एक अल्बम आला, आणि त्यानंतरचा थेट २०२० मध्ये. याला केवळ अभिनय कारणीभूत नव्हता. तेव्हाच्या लग्नातल्या कटकटींबद्दल ती स्वतः जाहीरपणे बोलली आहे. पण गाणं काही काळ बाजूला ठेवू आणि मग हवं तेव्हा उचलू, असा हिशेब मनात असेल तर ही अकरा वर्षं आठवत राहा.

रोजच्या मालिकेतल्या नायिकेचा दिवस कसा जातो ते तुला निर्मात्यानं सांगितलं नसणार, मी सांगते. कॉल टाइम सातचा असेल तर सातला तू मेकअपच्या खुर्चीत बसलेली हवीस. सेट घोडबंदर रोडला म्हणजे घराजवळ, असं बाबांना वाटत असेल. सकाळी माजिवड्यावरून निघून जाशील एक वेळ, रात्री परत येताना कंटेनरच्या रांगेत बसून उद्याचे सीन पाठ करशील. शिफ्ट बारा तासांची. सीनचे कागद बरेचदा त्याच दिवशी हातात पडतात, आणि कधी कधी अर्धा सीन शूट झाल्यावर उरलेलं पान येतं. (ते पान उशिरा पाठवणाऱ्या जमातीतलीच मी, त्यामुळे याची खात्री देते.) मग अडीच पानांचा तो सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळे दिसतील अशा लांबच्या शॉटमध्ये, घ्यायचा, मग समोरच्याच्या खांद्यावरून तुझा, मग तुझ्या खांद्यावरून त्याचा, मग क्लोज. रडायचं असेल तर प्रत्येक वेळी रडायचं. तिसऱ्या खेपेला डोळे कोरडे पडले की ग्लिसरीन येतं. लग्नाचा ट्रॅक लागला तर चार-चार दिवस तीच नऊवारी, तीच नथ, तेच मुंडावळ्यांचे दोर कपाळाला काचत, कारण कंटिन्युइटी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शॉट सलग जुळायला हवेत. गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो. तो पडला की गोष्ट वळवली जाते, तयार भागांची बँक संपते, आणि मग रविवारची सुट्टी जाते.

पंचवीस दिवस शूटिंग म्हणजे उरलेले पाच दिवस आपले, असंही समजू नकोस. प्रोमोचं शूट त्यात, चॅनेलचा पुरस्कार सोहळा त्यात, दहीहंडीला मंचावर जाऊन हात हलवायचा तेही त्यातच.

पण मला काळजी थकव्याची कमी आणि सवयीची जास्त वाटते. सेटवर कॅमेऱ्याच्या शेजारी एक असिस्टंट उभा असतो, तो वाक्यं पुरवतो. प्रॉम्प्टिंग म्हणतात त्याला. पाठ करायला वेळच नसतो, म्हणून ती सोय. मुरलेले नट त्याचा आधार घेतात आणि तरी समोरच्याशीच बोलतात. नवी मुलगी मात्र असिस्टंटचं ऐकते आणि ते जसंच्या तसं म्हणते. समोरचा नट काय बोलला, कसा बोलला, हे तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. वर्षभर असं झालं की मुलगी ऐकणं विसरून जाते, आणि मग मालिका संपल्यावर पुढे नाटकात, सिनेमात तिला कोणी उभं करत नाही. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्या नालायक नव्हत्या, त्यांना शिकायच्या आधीच कामाला जुंपलं होतं.

तुझ्यासारख्या गायिकेला तर हे दुप्पट अवघड. तुझ्याकडे जमेच्या बाजू पुष्कळ आहेत. श्वास कुठे घ्यायचा हे कळतं, पाठांतर पक्कं, वाक्याची लय सापडते, हजार माणसांपुढे उभं राहायची भीती नाही. पण दोन गोष्टी उलट्या बसल्या आहेत. गाण्याच्या व्हिडिओत तू थेट लेन्सकडे बघून गातेस, तेच तुझं काम. सीनमध्ये नजर लेन्सकडे गेली की शॉट कट. एका गायिकेबरोबर मी काम केलं आहे. ती प्रत्येक वाक्याच्या आधी, अगदी पापणी लवायच्या आत, कॅमेरा कुठे आहे ते बघून घ्यायची. दिग्दर्शक ओरडून दमला. तिला ते आपण करतोय हे कळतही नव्हतं. मग मॉनिटरवर तिला तिचेच शॉट लागोपाठ दाखवले तेव्हा बिचारी हसत सुटली. दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. तू हेडफोन लावून, डोळे मिटून, स्वतःचाच आवाज ऐकत गातेस, आणि एक ओळ बेसूर गेली तर तेवढीच पंच करतेस, म्हणजे पुन्हा गाऊन जोडतेस. सीनमध्ये डोळे उघडे, कान समोरच्याकडे, आणि मधलं एक वाक्य चुकलं तर तेवढंच पुसून घेता येत नाही.

हे आपल्याला जमतंय का, याची परीक्षा घरीच घेता येते. एखाद्या मैत्रिणीला घे, कुठल्याही नाटकातला दोन पानांचा प्रवेश घे, मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा कर. तिला सांग, दर खेपेला तुझी वाक्यं वेगळ्या रागालोभात म्हण, मला आधी सांगू नकोस. मग रेकॉर्डिंग बघ. ती बदलली आणि तू बदललीस का, की आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभी होतीस? चार-पाच वेळा केलंस की तुला मला विचारायची गरज उरणार नाही.

आता आपल्याकडच्या मुलींकडे बघू. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या वेळी तू रांगत असशील, पण ती मुलं घराघरांत लाडकी होती. त्यातली केतकी माटेगावकर. तिच्या हातात तेव्हाच केवढं नाव होतं! पण तिचा ‘शाळा’ आला २०१२ च्या जानेवारीत. तिनं केलेली शिरोडकर कमी बोलते, बघते जास्त. त्याच वर्षी ‘काकस्पर्श’, तिथंही नायिकेचं लहानपण तिनं केलं आणि मोठेपण प्रिया बापटनं. मग २०१४ मध्ये ‘टाइमपास’. सिनेमाचं काम काही आठवड्यांत उरकतं आणि मुलगी पुन्हा घरी, तानपुऱ्याशेजारी. तिच्याच बरोबरीची आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मध्ये नायिका होती. त्यानंतर ती गातच राहिली, आणि ‘अभिनयात का नाही टिकली’ असं तिला कोणी दारात येऊन विचारलं नाही. सोनू निगमचं उदाहरण तर बाबांना मुद्दाम सांग. २००२ ते २००४ या काळात त्याचे तीन सिनेमे आले, ‘जानी दुश्मन’, ‘काश आप हमारे होते’ आणि ‘लव्ह इन नेपाळ’. नट म्हणून त्याची गाडी काही पुढे गेली नाही. त्याचं काही बिघडलं? नाही, कारण गाणं चालूच होतं. तुझ्या करारातलं शो-बंदीचं कलम नेमकी हीच परतीची वाट बंद करतं. मालिका सहा महिन्यांत गुंडाळली तर तू ना धड नायिका, ना चालू गायिका.

आणि मालिकेत तुलाच का घेताहेत, याचाही विचार कर. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी अजून एक ओळही कोणी अभिनयात पाहिलेली नाही. त्यांना तुझ्या गाण्याचे चाहते हवेत, प्रोमो त्यांच्यात फिरायला हवा. त्यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. पण प्रोमोचा उपयोग पहिल्या महिन्यापुरता. नंतर सासू कोण, खलनायिका कोण, गोष्ट कशी, यावर आकडा ठरतो.

गुरुजींबद्दल थोडक्यात. ते निम्मे बरोबर आहेत. अभिनयानं गळा जात नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून गाणारे नट आपण डोक्यावर घेतले, बालगंधर्व काय आणि दीनानाथ काय, गळा आणि अभिनय एकत्रच नांदले. गळा जातो तो अपुऱ्या झोपेनं, आणि दिवसभर रडण्या-किंचाळण्याच्या सीननं. सकाळचा खर्जाचा अर्धा तास कुठल्याही कामात सुटणार नाही, असा शब्द त्यांना दे, त्यांची अर्धी नाराजी तिथंच संपेल. आणि आई म्हणते ते पूर्ण बरोबर. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायची सोय आहे, हे कोणीतरी तुला सुचवेलच. ती सोय ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी आहे, तुला पर्याय आहे.

आता तुझ्या पत्रातल्या कंसाकडे येते. बाबांनी नोकरी सोडली, हे तू कंसात लिहिलंस. मी ते वाक्य सगळ्यांत जास्त वेळा वाचलं.

तुझे बाबा लोभी आहेत असं मला मुळीच वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या तारखा ठरवायच्या, आयोजकांकडून अॅडव्हान्स काढायचा, साउंडवाल्याशी वाद घालायचा, रात्री दीडला डोंबिवलीहून तिला सुखरूप घरी आणायचं, हे कोणीतरी करायलाच हवं आणि बापाइतकं मनापासून कोण करणार? पण शोचा पैसा कसा येतो ते तुला ठाऊक आहे. गणपती ते दिवाळी पहाट हात भरलेले, पावसाळ्यात सगळा शुकशुकाट. मालिकेचा पैसा दर महिन्याचा. नोकरी सोडलेल्या माणसाला तो पगारासारखा दिसतो. म्हणजे बाबा जेव्हा लक्ष्मीचं नाव घेतात तेव्हा ते तुझ्या करिअरबद्दल बोलत असतात की घराच्या हप्त्याबद्दल, हे त्यांनाही कदाचित वेगळं करता येत नसेल. वडिलांच्या निधनानंतर १९४२ मध्ये लता मंगेशकरांनी सिनेमात छोटी कामं केली ती अभिनयाच्या हौसेनं नाही, घर चालवायचं होतं म्हणून. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना आवडायचं नाही, आणि पार्श्वगायनात जम बसल्यावर त्यांनी ते सोडून दिलं. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तुझ्या घरात दोन धडधाकट मोठी माणसं आहेत.

म्हणून एका संध्याकाळी तिघं बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तू एकच प्रश्न विचार: “बाबा, मी नाही म्हटलं तर घराचं काय होईल?” रागानं नको, खरंच जाणून घ्यायचं आहे म्हणून विचार. मग वहीत महिन्याचा खर्च मांडा आणि त्यातला किती तुझ्या कमाईतून जातो ते आईला लिहायला सांग. तो अर्ध्याहून जास्त निघाला तर तुझा प्रश्न मालिकेचा राहतच नाही. मग बाबांनी निदान अर्धवेळ काहीतरी पुन्हा सुरू करावं का, हे आधी ठरवायचं. हे बोलायला जड जाईल. बाबा दुखावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तरी विचार. बाबांनी हा अंक वाचला तर बरंच आहे, निम्मं काम माझं.

त्यांना एक व्यवहाराची गोष्टही सांग. मालिकेतल्या कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात, ही या धंद्यातली जुनी रीत. म्हणजे पहिले तीन महिने शो बंद आणि मालिकेचा पैसा अजून यायचाय. ज्या हप्त्यासाठी ही घाई, तो त्या तीन महिन्यांत कुठून भरणार?

कायद्याचं थोडं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासून नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायची. तू सतराची, तुला हे संरक्षण नाही. पण २० टक्क्यांचा नियम घरच्या घरी लावून घ्यायला कोणाची परवानगी लागते? तुझ्या गाण्याचा पैसा तुझ्या नावावरच्या खात्यात येऊ दे. पॅन कार्ड अठराच्या आधीही निघतं, आणि स्वतःच्या कलेतून कमावलेलं मुलांचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरलं जात नाही, त्यामुळे बाबांच्या कराची सबब चालणार नाही.

करारावर मात्र आत्ता कोणीच सही करू नका. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार टिकत नाही, म्हणून निर्माते पालकांची सही मागतात. तुझ्या वतीनं बाबांनी दोन वर्षं लिहून द्यायची आणि पाळायची तू. असा कागद कधीही समोर आला तर वकिलाला दाखवा, आणि तीन ठिकाणी बोट ठेवून विचारा. मालिका सोडायचा हक्क दोन्हीकडे आहे की एकट्या चॅनेलकडे? आधीच निघालेल्या तुझ्या गाण्यांवर आणि तुझ्या स्वतःच्या चॅनेलवर ते हक्क सांगताहेत का? आणि शीर्षकगीत तुझ्याकडून गाऊन घेतलं तर त्याचं काय? २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून गायकालाही गाण्याच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे, आणि गायकांसाठी ‘इसम्रा’ (पूर्वीची ‘इस्रा’) ही संस्था ती गोळा करते. मोठ्या भूमिकेच्या आनंदात हे फुकट जाऊ देऊ नकोस.

मग अभिनयाचं काय? ठाण्यात राहून हा प्रश्न पडावा याचंच नवल. ज्ञानसाधना आणि जोशी-बेडेकरची मुलं एकांकिकांसाठी रात्र रात्र जागतात, पुढच्या वर्षी पदवीला प्रवेश घेताना हे डोक्यात ठेव. तालमीला जा आणि पहिल्या वर्षी मिळेल ते कर, गर्दीत उभी राहा, प्रकाशाला बस, म्हणजे लाइट्स सांभाळ. तिथं तुझं हिट गाणं कोणी विचारणार नाही, थट्टा मात्र करतील. करू दे. गडकरी रंगायतनला, घाणेकरला, खाडी ओलांडून वाशीला भावे नाट्यगृहात जाऊन नाटकं बघ. जो बोलत नाही त्या नटाकडे बघ, तो काय करतो ते.

निर्मात्याला नकार कसा द्यायचा हे तू विचारलं नाहीस, पण त्याचीच धास्ती जास्त असणार. फोन तूच कर, बाबा शेजारी बसू देत. म्हण: “सर, तुम्ही माझा विचार केलात याबद्दल मनापासून आभार. फेब्रुवारीत माझी बारावी आहे आणि मला अभिनयाचा अनुभव नाही, त्यामुळे मुख्य भूमिका आत्ता झेपणार नाही. एप्रिलनंतर महिन्यातून सात-आठ दिवसांचं काम असेल, नायिकेची बहीण, मैत्रीण, अगदी खाष्ट नणंदसुद्धा, तर मला आवडेल. शोवर बंदी मात्र नको. आणि शीर्षकगीत द्याल तर उद्या येऊन गाते.” एवढंच. ते बहुधा ‘बघू’ म्हणतील आणि यादीतल्या पुढच्या मुलीला फोन लावतील. एखादा भला माणूस निघाला तर वर्षभरानं खाष्ट नणंदेसाठी फोन येईलही. त्यांनी तुझी लूक टेस्ट आधीच घेतली असेल तर तिची क्लिप मागून घे. बरेच जण देतात, आणि पुढच्या ऑडिशनला ती पाठवता येते.